मुक्कामाचा हक्क

नागपुराहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहा-सात कोसांवर कळमेश्वर हें गांव लागतें. पूर्वेस नागपुराकडची काळी जमीन आणि पश्चिमेस काटोल-कोंढाळीच्या बाजूचा चढउताराचा, टेकड्यांचा व रानाचा प्रदेश, अशा सांध्यावर तें वसलेलें आहे. आज येथें तालुक्याची कचेरी आहे, कारखाने आहेत, नागपूर-इटारसी लोहमार्गावरचें स्टेशन आहे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकास गोंडखैरीवरून अमरावतीचा हमरस्ता जातो. ह्या रस्त्यांनीं रात्रीं जाणारास मालमोटार कडेला उभी करून, झाडाच्या आडोशानें चूल पेटवून भाकरी भाजणारे लोक अद्यापहि दिसतात. त्यांस तेथें थांबण्याची परवानगी कोणी दिलेली नसते, आणि बहुधा कोणी त्यांस हटकीतहि नाहीं.

आपलें घर आपल्याबरोबर घेऊन निघावें, आणि जेथें झाड, पाणी व सपाट जागा मिळेल तेथें कोणासहि भाडें न देतां रात्र काढावी, ही इच्छा फार जुनी आहे. अमेरिकेंत ती आज मोठ्या प्रमाणावर पुरी होते. तेथें मोटारीवरच बिछाना, स्वयंपाकघर व न्हाणी बांधलेलीं फिरतीं घरें घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें हिंडतात. तेथील राष्ट्रीय जंगलांच्या पुष्कळशा भागांत त्यांस विनामूल्य मुक्काम करतां येतो. मात्र बहुतेक ठिकाणीं एका जागीं १४ दिवसांहून अधिक राहूं नये, आणि आपला केरकचरा आपल्याबरोबर न्यावा, असा नियम असतो. हें वाचून आपल्याकडील सुशिक्षित वाचकास वाटतें कीं, ही कांहीं नवी व परदेशी चैन आहे. वस्तुतः नागपूर आणि वऱ्हाड ह्या मुलुखांस ही गोष्ट शतकानुशतकें ठाऊक होती. ती येथें चैन म्हणून नव्हती. ह्या मुलुखाचा सगळा दूरचा व्यापार तिच्यावर उभा होता. ती कशी चालत असे आणि कशी बंद पडली, हें पाहण्यासारखें आहे.

हा इतिहास बंजाऱ्यांचा आहे. महाराष्ट्रांत त्यांस लमाण असेंहि म्हणतात. शेतकरी वंजारी समाज तो निराळा, आणि नामसादृश्यामुळें होणारा घोटाळा वाचकांनीं टाळावा. रस्ते म्हणजे पायवाटा होत्या आणि पावसाळ्यांत गाडी चिखलांत रुतून बसत असे, त्या काळीं मीठ, धान्य व कापूस दूरवर पोंचविण्याचें काम बंजाऱ्यांचे लदेणीचे बैल करीत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंस लोंबणारी गोणी, आणि त्या बैलांबरोबर बायका, मुलें, म्हातारे, कुत्रे व भांडींकुंडीं. त्यांचें घर असें निराळें नव्हतेंच. चालणारा समुदाय तोच व्यापार आणि तेंच गांव. त्याला तांडा म्हणत, आणि त्याचा मुख्य तो नायक.

तांड्याचा आकार आज आपल्या कल्पनेंत सहजासहजीं मावत नाहीं. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्याकडे जात असतां त्याला धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक बायकामुलांसह हिंडतात आणि दिवसाला सहासात मैलांहून अधिक चालत नाहींत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. ताव्हर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहाबारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला म्हणजे गाड्या घेऊन जाणारास दोनतीन दिवस खोळंबून राहावें लागे, असें तो म्हणतो. एका बैलाचें ओझें त्याच्या हिशेबानें आपल्या चार मणांच्या आसपास भरतें. म्हणजे दहा हजार बैल निघाले कीं ४०,००० मण माल हलला.

आतां ह्या व्यवहाराची दुसरी बाजू पाहावी. एका बैलास दिवसाला अवघा दहा शेर चारा लागतो असें धरलें, तरी दहा हजार बैलांस रोज एक लाख शेर, म्हणजे २,५०० मण चारा पाहिजे. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून नागपूर व जबलपूर ह्या वाटेनें गंगेच्या कांठच्या मिर्झापुरास जात असे. तो प्रवास पांचशें मैलांहून अधिक. मंडीनें सांगितलेल्या चालीनें त्याला अडीच महिने लागावेत, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मुक्काम व्हावेत. इतक्या मुक्कामांचा चारा जर विकत घ्यावा लागला असता, तर मिर्झापुरास पोंचेपर्यंत कापसाच्या किंमतीहून चाऱ्याची किंमत अधिक झाली असती. तांडा हळू चाले ह्याचें कारण आळस नव्हे. चालतां चालतां बैलांनीं चरावें म्हणूनच तो हळू चाले. रानांतलें फुकटचें गवत हेंच त्या व्यापाराचें इंधन होतें. आज तेलावांचून मालमोटार जशी जागची हलणार नाहीं, तसा मुक्कामाच्या हक्कावांचून तांडा हलला नसता.

मुक्कामाची जागा निवडण्याची त्यांची रीत मोठी चित्तवेधक आहे. वऱ्हाडांतील वणी जिल्ह्याचा अधिकारी कंबरलेज ह्यानें १८८२ सालीं बंजाऱ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें रसेल व रायबहादुर हिरालाल ह्यांनीं १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातींवरील आपल्या ग्रंथांत त्या माहितीचा उपयोग केला. त्यांवरून असें दिसतें कीं, तांड्याच्या अग्रभागीं बालाजीला वाहिलेला एक बैल चाले. त्याला हटाडिया म्हणत. त्याच्या पाठीवर ओझें नसे. अंगावर तांबड्या रेशमाचे पट्टे, गळ्यांत व पायांत घंटा, पितळी सांखळ्या आणि कवड्यांच्या माळा असत. थकून तो जेथें बसेल तेथें त्या दिवसाचा मुक्काम पडे. दुखणेंबाहणें आलें तर नवसहि त्याच्याच पायाशीं बोलत. ह्यांत कोणास केवळ भोळेपणा दिसेल. पण थोडा विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, सर्वांत पुढचा व बिनओझ्याचा बैल जेथें थकला, तेथें ओझ्याखालचे मागचे हजारों बैल खात्रीनें थकलेलेच असणार. ती श्रद्धाहि होती आणि मापहि होतें.

मुक्काम पडला म्हणजे गोण्या उतरून त्या ओळीनें रचीत. रात्रीं आडोशास तीच भिंत होई. बैल आसपासच्या रानांत चरावयास सुटत. उरला पाण्याचा प्रश्न, आणि येथें मुक्काम फुकट असला तरी तो एकतर्फी नव्हता हें दिसून येतें. बंजाऱ्यांनीं वाटेवर विहिरी व तळीं खोदल्याच्या आठवणी मध्य हिंदुस्थानांत जागोजाग सांगतात. सागर शहराचा मोठा तलाव लाखा बंजाऱ्यानें बांधला, आणि त्याला पाणी लागावें म्हणून आपल्या घरचीं माणसें बळी दिलीं, अशी तेथें दंतकथा आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु वर्षांतून एकदोनदांच जेथून जावयाचें, तेथें तळें खोदणारा माणूस लोकांच्या स्मरणांत राहिला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्या हक्काची सनदहि होती, असें बंजारे सांगत. शहाजहान बादशहाचा वजीर आसफखान हा १६३० च्या सुमारास दक्षिणेंत उतरला, तेव्हां भंगी व जंगी ह्या राठोड नायकांनीं १,८०,००० बैलांनिशीं त्याच्या फौजेस रसद पुरविली. तेव्हां त्यानें त्यांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट करून दिला, अशी परंपरागत हकीकत कंबरलेजनें नमूद केली आहे. त्या ताम्रपटाचा भावार्थ असा कीं, तांड्यास गांवच्या रांजणांतून पाणी घ्यावें, चारा नसेल तर छपराचें गवत काढून बैलांस घालावें, दिवसांत तीन खून झाले तरी ते माफ असावेत, आणि आसफखानाचे घोडे जेथें उभे राहतील तेथें भंगी-जंगीचे बैलहि उभे राहावेत. ताम्रपट खरा असो वा नसो, त्यांतील व्यवहार खरा आहे. लष्कराला अन्न हवें होतें आणि अन्न आणणाराला गवत हवें होतें. एकानें दुसऱ्याला तें देऊन टाकलें. मात्र तें गवत कोणाच्या छपराचें होतें हेंहि विसरूं नये. देणारा वजीर होता, पण घर उघडें पडे तें कुणब्याचें. ज्या शेताच्या बांधाशीं दहा हजार बैल रात्रभर बसत, तेथील उभ्या पिकाची काय दशा होत असेल ती सांगावयास नको. मुक्कामाच्या हक्काचें गुणगान करतांना ही बाजू झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं.

हा करार राज्यें बदललीं तरी टिकला, कारण गरज बदलली नव्हती. १८०३ सालीं असई, अडगांव व गाविलगड येथें इंग्रजांनीं शिंदे-भोसल्यांशीं जें युद्ध केलें, त्यांत आर्थर वेलस्लीच्या फौजेची पुष्कळशी भिस्त बंजाऱ्यांच्या धान्यावर होती. मराठ्यांच्या फौजांसहि हेच लोक धान्य पुरवीत. ज्याच्यावांचून दोन्ही बाजूंच्या सैन्याचें चालत नाहीं, त्याला आपल्या रानांतून कोण हुसकावून लावील?

१८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. वऱ्हाडचा कापूस मिर्झापुराऐवजीं मुंबईस जाऊं लागला, आणि अडीच महिन्यांची वाट थोड्या दिवसांवर आली. १८७७ सालीं नागपुरांतच एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें १८८२ सालीं नागपुराहून राजनांदगांवापर्यंत आगगाडी गेली, तेव्हां छत्तीसगडच्या धान्याची लदेणीहि खचली. कळमेश्वराच्या बाजूस रूळ यावयास विसाव्या शतकाचें तिसरें दशक उजाडावें लागलें. पण तोंपर्यंत मोठ्या तांड्यांची कथा संपलेली होती.

येथपर्यंतची हकीकत सर्वांस ठाऊक असते, आणि तिचा दोष कोणी कोणास देऊंहि नये. जलद साधन आलें म्हणजे मंद साधन मागें पडतें. परंतु धंदा बुडणें निराळें आणि थांबण्याची जागा जाणें निराळें. आगगाडीनें बंजाऱ्याचें भाडें नेलें. त्याचा मुक्काम नेला तो कायद्यानें, आणि तो कसा नेला हें फारसें कोणी सांगत नाहीं.

१८७१ ह्या एकाच सालीं दोन कायदे झाले. एक जनावरांच्या अतिक्रमणाचा, ज्यानें चुकार गुरें कोंडवाड्यांत घालून दंड भरल्याशिवाय न सोडण्याची रीत पक्की केली. दुसरा गुन्हेगार जमातींचा, ज्यानें कांहीं जमातींस जन्मतःच संशयित ठरवून त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पहारा बसविला. हा कायदा पुढें निरनिराळ्या प्रांतांत पसरला, आणि आज महाराष्ट्रांत बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते ती त्याच इतिहासाची खूण होय. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. ह्या दोहोंनीं मिळून असें झालें कीं, बैल मोकळा सुटला तर तो कोंडवाड्यांत, आणि माणूस मोकळा हिंडला तर त्याची हजेरी चौकींत.

त्यानंतर १८७८ सालचा जंगलाचा कायदा आला. त्यानें राखीव जंगल ठरविण्याची रीत घालून दिली, ती अशी: सरकारनें जाहीरनामा काढावा, अधिकाऱ्यानें तो आसपासच्या गांवांत प्रसिद्ध करून निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी, त्या मुदतींत ज्याचा चराईचा, वाटेचा किंवा पाण्याचा हक्क असेल त्यानें तो सांगावा, आणि जो सांगितला जाणार नाहीं तो सामान्यतः नष्ट झाला असें समजावें. वरवर पाहतां ह्या रीतींत अन्याय दिसत नाहीं. गांवांत राहणारा मनुष्य तीन महिन्यांत कचेरींत जाऊन आपलें म्हणणें मांडूं शकतो. पण जो त्या गांवीं वर्षांतून एक रात्र उतरतो, जाहीरनामा लागला तेव्हां जो शंभर कोसांवर आहे, त्यानें काय करावें? कायद्यानें त्याचा हक्क नाकारला नाहीं. त्याला तो सांगावयास हजर असण्याची अट घातली, आणि हजर नसणें हाच तर त्याचा जन्मधर्म होता.

आपल्या नागपूर प्रांतांत ह्याला आणखी एक जोड मिळाली. येथील खेड्यांस निस्ताराचा हक्क असतो हें वाचकांस ठाऊकच आहे. गांवच्या रानांतून जळण आणावें, गुरें चारावींत, घराच्या कामापुरतें लांकूड व गवत घ्यावें, असा हा हक्क. तो बंदोबस्ताच्या वेळीं गांवागांवाच्या कागदांत नोंदला गेला. मालगुजार, कुळें, बलुतेदार ह्या सर्वांस त्यांत जागा मिळाली. परंतु निस्तार हा गांवाचा असतो, आणि तांड्याला गांव नव्हतें. म्हणून कागदांत त्याची ओळ पडली नाहीं. सरकारी जंगलांत गुरें घालावयाचीं तर दर जनावरामागें चराईची फी भरावी लागे. जें इंधन फुकट होतें त्याला अशा रीतीनें किंमत आली.

जंगलखात्याच्या बाजूनें जें बोलतां येईल तेंहि बोललें पाहिजे. आगगाडीच्या स्लीपरांसाठीं व शहरांच्या जळणासाठीं रानें झपाट्यानें तुटत होतीं, आणि त्यांस कुंपण घातलें नसतें तर बोरचें अभयारण्य किंवा कोंढाळीकडचीं रानें आज दिसलीं असतीं कीं नाहीं ह्याची शंकाच आहे. हजारों बैलांच्या चराईनें नवीन रोप वर येत नाहीं हेंहि खरें. पण मिर्झापुरापर्यंतच्या वाटेवरचीं रानें शतकानुशतकें तांडे चरून जात असतांहि उभींच होतीं. तीं स्लीपरांच्या व कंत्राटदारांच्या काळांत उघडीं पडलीं. रोगाचें कारण एक आणि पथ्य दुसऱ्यालाच, असा कांहींसा हा प्रकार झाला.

मुक्काम गेल्यावर तांडा बसला. पुसद, दिग्रस, मानोरा ह्या बाजूस बंजारे शेती करूं लागले. पोहरादेवी येथें सेवालाल महाराजांचें क्षेत्र आहे, तेंहि ह्याच टापूंत. जो शब्द चालत्या समुदायाचा होता तोच स्थिर वस्तीचा झाला. आज तांडा म्हणजे गांवाबाहेरची बंजाऱ्यांची वस्ती. नायक आणि कारभारी मात्र नांवानें राहिले. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक अणे ह्यांनीं पुसदला राखीव जंगलांतील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हां गवत हा केवढा मोठा राजकीय प्रश्न आहे हें साऱ्या वऱ्हाडास कळलें. त्याच पुसद तालुक्यांतील गहुली येथें १९१३ सालीं बंजारा कुटुंबांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ सालीं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. समाजानें नव्या परिस्थितींतून वाट काढली, हें त्याच्या कर्तृत्वाचें द्योतक आहे. पण तांडा सर्वस्वीं बसला असेंहि नाहीं. मराठवाड्यांतील कित्येक बंजारा कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात आणि कारखान्याच्या आसपास कोपी घालून हंगाम काढतात. फरक इतकाच कीं, आतां मुक्कामाची जागा नायकाचा बैल ठरवीत नाहीं, ती मुकादम ठरवितो.

विलायतेंतहि हीच कथा निराळ्या पात्रांनीं घडली. तेथील जिप्सी लोक, ज्यांच्या रोमानी भाषेचें मूळ आपल्या देशांत आहे हें भाषाशास्त्रानें सिद्ध केलें आहे, घोड्यांच्या घरगाड्यांतून हिंडत व गांवच्या पडीक जागीं उतरत. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या डॉक्टरानें त्यांच्या नमुन्यावर स्वतःसाठीं एक उंची घरगाडी बांधवून घेतली, आणि तींतून मौजेचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिलें. तेथून घरगाडीची हौस प्रतिष्ठितांत पसरली, आणि १९०७ सालीं हौशी लोकांचा संघहि निघाला. इतक्यांत मूळच्या फिरस्त्यांचे मात्र मुक्काम एकेक बंद होत गेले. १९६० सालच्या कायद्यानें परवान्यावांचून घरगाडीला जागा देणें गुन्हा ठरविला. १९६८ सालीं स्थानिक संस्थांनीं जिप्सींसाठीं जागा राखावी असें ठरलें. आणि १९९४ सालीं तेंहि बंधन काढून टाकण्यांत आलें. कारवाँ हा शब्द फारसी, त्यावरूनच इंग्रजांनीं आपल्या घरगाडीचें नांव घेतलें. शब्द पाहुण्यासारखा राहिला, मूळ फिरस्ते मात्र रस्त्यावर.

महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. अशा गाड्या घेऊन कुटुंबांनीं रानाच्या कडेला चार दिवस राहावें, मुलांनीं मोहाचें व पळसाचें झाड ओळखावें, ह्यांत वाईट कांहींच नाहीं. उलट तें इष्टच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा पाहुणचार मौजेसाठीं थांबणाराला मिळावा आणि पोटासाठीं थांबणाराला मिळूं नये, ही विषमता आपल्या ध्यानांत यावी. १४ दिवसांची मुदत घालून अमेरिकेंतील जंगलखातें जें साधतें, तें तांडा एका रात्रींत साधीत असे; एका जागीं फार न राहणें हेंच तर त्याचें व्रत होतें.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यानें ह्या बाबतींत एक पाऊल पुढें टाकलें आहे. भटक्या व पशुपालक समाजांचा ठराविक ऋतूंत रानांत येऊन चराई-पाण्याचा उपभोग घेण्याचा परंपरागत हक्क त्यांत स्पष्ट शब्दांत मानला आहे. परंतु त्याच कायद्यानें आदिवासींखेरीज इतरांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावयास सांगितलें आहे, आणि हक्क मागावयाचा तो दावा दाखल करूनच. म्हणजे १८७८ सालचा प्रश्न अंशतः तसाच उरतो: जो जातो त्यानें राहिल्याचा पुरावा कोठून आणावा?

ह्यावर एक साधी गोष्ट करतां येईल. कळमेश्वरासारख्या जुन्या वाटांवरील तालुक्यांत कोठें तळें आहे, कोठें विहीर आहे, कोणत्या अमराईखालीं फिरस्ते उतरत, हें सांगणारीं वृद्ध माणसें अद्याप आहेत. त्यांस विचारून त्या जागा गांवच्या निस्ताराच्या कागदांत नोंदवाव्यात. गांवकऱ्यांच्या जळणाला, गुरांना व देवळाला त्या कागदांत जागा आहे; तेथें वाटसरूच्या एका रात्रीसाठीं आणखी एक ओळ सहज मावेल.